“ज्याचं त्याचं सत्य” म्हणून येशूचा विषय मिटत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत श्रद्धा आणि सत्य या विषयावर जो लेख आला आणि नंतर त्यावर जी पत्रं छापून आली ती सगळी वाचली. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की धर्मात खरं-खोटं असं काही नसतंच, ज्याचं त्याचं सत्य, ख्रिस्ती माणसाला येशू मेलेल्यातून उठला असं वाटतं तर त्याच्यापुरतं ते सत्य, बाकीच्यांनी कशाला वाद घालायचा. आणि त्याला उत्तर म्हणून आलेल्या पत्रांमधे एका गृहस्थांनी (ते ख्रिस्तीच असावेत) असं ठणकावलं की बायबल म्हणजे शंभर टक्के ऑब्जेक्टिव्ह सत्य, प्रूव्ह झालेलं, ज्याला पटत नाही त्याचं मन बंद आहे. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढलोय, आजही विश्वास ठेवतो, आणि मला हे दोघेही पटले नाहीत. त्यातल्या त्यात लेखक जरा जास्तच नाही पटले, कारण त्यांचं म्हणणं ऐकायला गोड आहे.

गोड अशासाठी की “तुझ्यापुरतं ते खरं” हे वाक्य कानाला फार समजूतदार लागतं, पण नीट बघितलं तर त्याचा अर्थ होतो की तू जे म्हणतोयस ते खरंच तसं आहे का हे बघायचे कष्ट मी घेणार नाही, तुझं तुला लखलाभ. याला आदर कसं म्हणायचं, ही तर बोळवण झाली. एखादा म्हणाला की प्रार्थनेनंतर मला शांत वाटतं, तर तिथे हे वाक्य चालेल, कारण तो स्वतःबद्दलच बोलतोय. पण तोच माणूस जेव्हा म्हणतो की येशू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, तेव्हा तो पहिल्या शतकात जेरुसलेमच्या वेशीबाहेर काय घडलं त्याबद्दल बोलतोय, स्वतःच्या मूडबद्दल नव्हे. हे एकतर झालं किंवा नाही झालं. झालं असेल तर न मानणाऱ्यांसाठीही झालं, आणि झालं नसेल तर जगातल्या सगळ्या चर्चमधे ईस्टरला कितीही मोठ्याने गाणी म्हटली तरी नाहीच झालं. यात मधली वाट निघत नाही, म्हणजे काढणाऱ्यांनी काढलीय, त्यांच्याकडे येतो पुढे.

आता कोणी म्हणेल की हे फॅक्ट-बिक्ट आजच्या जमान्याचं खूळ आहे, जुन्या लोकांना कुठे असला फरक कळत होता, त्यांना सगळी पुराणातली वांगीच. अजिबात नाही. मतांगीकार बघा, म्हणजे आमच्या विश्वासाचा जाहीर कबुलीपाठ, जो उपासनेत सगळे उभं राहून एका सुरात म्हणतात. त्यात देवबापाचं नाव येतं, येशूचं, पवित्र आत्म्याचं, कुमारी मरियेचं, आणि मधेच एका रोमन सुभेदाराचं, पंतय पिलाताचं. हा ना संत ना शिष्य, उलट ज्याने मरणाची शिक्षा दिली तो, आणि दर रविवारी जगभर त्याचं नाव घेतलं जातं, त्याला स्वतःला हे कळलं असतं तर चक्करच आली असती. गंमत म्हणजे 325 साली नायसियाच्या परिषदेत जो मतांगीकार ठरला त्यात पिलात नाहीये, 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या नावाने जे रूप आज म्हटलं जातं त्यात तो आहे. म्हणजे नंतरच्या लोकांनी गोष्ट अजून धूसर करायच्या ऐवजी तिला तारखेचा खिळा ठोकून ठेवला. “आटपाट नगर होतं” अशी सुरुवात करणाऱ्या गोष्टीला सुभेदाराचं नाव लागत नाही. हा पिलात इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा सुभेदार होता, त्याच्या नावाचा कोरीव दगड 1961 मधे कैसरियात सापडला, आणि टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल कवडीचं प्रेम नव्हतं, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की तिबेरियसच्या राज्यात पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. यातून पुनरुत्थान सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, कोणी लगेच पत्र लिहू नये. एवढंच दिसतं की दावा हवेत सोडलेला नाही, जिथे तो खोटा पडू शकतो अशा जागी आणून ठेवलाय.

आणि पौल, म्हणजे पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक, तर याहून पुढे जातो. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, त्याने लिहिलेलं पहिलं पत्र, इ.स. 50 च्या दशकातलं, त्याचा पंधरावा अध्याय कोणीही उघडून वाचावा, ख्रिस्ती असायची गरज नाही. करिंथमधले काही जण म्हणत होते की मेलेले उठत वगैरे नाहीत. पौल त्यांना “तुमची तशी भावना असेल तर असो बापडी” असं म्हणत नाही. तो सरळ यादीच देतो: येशू केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला, मग बाराजणांना, म्हणजे त्याच्या शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेपेक्षा जास्त बंधूंना, आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत असंही जाता जाता लिहितो, म्हणजे जा आणि विचारा असंच की. मग याकोबाला (येशूच्या भावाला), मग सगळ्या प्रेषितांना, आणि सगळ्यात शेवटी मला. ही यादी माझी नाही, मला जे मिळालं ते मी तुमच्या हाती दिलं, असंही तो सांगतो, म्हणजे पत्र लिहायच्या आधीपासून हे तोंडी चालत आलेलं होतं. आणि मग खरी गोष्ट येते. तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट, तुमचा विश्वास फुकट, आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरलो आणि सगळ्या माणसांत आमच्याइतकं कीव करण्यासारखं कोणी नाही. कुठल्याही धर्माच्या प्रचारकाने आपली मान अशी स्वतःहून पुढे केलेली मी तरी फार कमी पाहिलीय. या माणसाला आपल्या लेखकांनी “तुमच्यापुरतं ते सत्य हं” असं म्हटलं असतं तर त्याला ते कौतुक वाटलंच नसतं, त्याच्या दृष्टीने ते विश्वास फुकट ठरवण्याचंच एक सौम्य रूप झालं असतं.

इथपर्यंत वाचून ते ठणकावणारे गृहस्थ खूश झाले असतील, तर आता त्यांच्याकडे वळतो. “प्रूव्ह झालेलं” हा शब्द आपल्या लोकांत फार सैल वापरला जातो, भाषणांत, व्हिडिओंत, सगळीकडे, आणि कॉलेजातली पोरं पहिल्याच धक्क्याला त्यातली हवा काढून घेतात. इतिहासाच्या हाती काय लागतं ते बघा. विश्वास न ठेवणाऱ्या अभ्यासकांपैकीही बहुतेक जण एवढं मानतात की येशू होऊन गेला, तो वधस्तंभावर मारला गेला, त्यानंतर फार उशीर न होता त्याच्या शिष्यांनी म्हणायला सुरुवात केली की आम्ही त्याला जिवंत पाहिलं, आणि मंडळीचा छळ करणारा पौल उलटा फिरून तेच सांगायला लागला. त्यापुढे मात्र वाटा फुटतात. कोणी म्हणतं दुःखाच्या भरात गेलेलं माणूस डोळ्यासमोर दिसतं, तसलाच प्रकार. कोणी म्हणतं गोष्ट सांगता सांगता वाढत गेली. कोणी म्हणतं खरंच उठला. आणि शुभवर्तमानांचे, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांचे, तपशील काही सगळे एकमेकांशी जुळत नाहीत, कबरेपाशी कोण कोण बाया गेल्या त्यांची नावं वेगळी, मार्कात एक तरुण बसलेला तर लूकात दोन पुरुष उभे, आणि चौथ्या शतकातली जी दोन मोठी हस्तलिखितं आहेत त्यांत मार्काची गोष्ट तर बाया घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत इथेच तुटते. मला स्वतःला हे फरक बघून उलट बरंच वाटतं, बसून रचलेली साक्ष असती तर ती जास्त घोटून आली असती. पण हे माझं मत झालं, प्रूफ नव्हे, आणि समोरच्याने ते नाही मानलं म्हणून त्याच्या मनाला कुलूप आहे असं म्हणायचा मला काय अधिकार?

लेसिंग नावाचा एक जर्मन लेखक होता, 1777 मधे त्याने हीच अडचण लिहून ठेवलीय. तो म्हणाला की इतिहासात कधीतरी घडलेली गोष्ट, ती कितीही भरवशाची असो, तिच्यावर मी माझं कायमचं सगळं कसं टांगू, मधे एक ओंगळ रुंद खंदक आहे, मी कितीदा आणि कितीही जीव तोडून प्रयत्न केला तरी मला तो उडी मारून ओलांडता येत नाही. कोणी हात देणार असेल तर द्या, असंही म्हणाला. असल्या माणसाला बंद मनाचा म्हणून हाकलणं सोपं आहे, उत्तर देणं अवघड आहे, आणि अडीचशे वर्षं ख्रिस्ती विचारवंत त्याच खंदकाच्या काठावर बसून आहेत. विसाव्या शतकात बुल्टमान नावाचा जर्मन धर्मपंडित आला, 1941 मधे त्याने असं मांडलं की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाने भुताखेतांच्या आणि चमत्कारांच्या जुन्या जगावर विश्वास ठेवणं शक्य नाही, तेव्हा कबरेत काय झालं यापेक्षा ते ऐकून तुमच्यात काय होतं ते बघा. हीच ती मधली वाट, जिचा वर उल्लेख केला. हुशार माणूस, मनापासून ख्रिस्ती, पण पौलाची ती यादी त्याच्या अगदी आड येत होती आणि यादी दिली हेच पौलाचं चुकलं असा त्याचा सूर होता. मला हे काही झेपत नाही. एखाद्याचा साक्षीदार आणायचा आणि वर त्यालाच सांगायचं की बाबा तू साक्ष द्यायला नको होतीस.

माझ्या मते सगळा घोळ एकाच ठिकाणी आहे. एखादं सत्य ऑब्जेक्टिव्ह असणं ही एक गोष्ट, आणि ते मला पक्कं कळलेलं असणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. लेखक म्हणतात की पक्कं कोणालाच कळत नाही, सबब ऑब्जेक्टिव्ह सत्य नाही. गृहस्थ म्हणतात की ऑब्जेक्टिव्ह सत्य आहे, सबब मला पक्कं कळलंय. दोघांची उडी तीच आहे, फक्त एक या काठावरून मारतोय आणि दुसरा त्या. खून कोणी केला हे कोर्टात शेवटपर्यंत कळलं नाही तरी खून कोणीतरी केलेलाच असतो, आणि जज साहेबांना खात्री वाटली म्हणून आरोपी खुनी होत नाही, एवढं साधं आहे हे. पौलाला ते माहीत होतं. ज्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याने मान पुढे केली त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात तो लिहितो की आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं, मला आता जे कळतं ते अंशतः. त्या काळचे आरसे म्हणजे घासलेला धातू, तोंड दिसायचं पण धड नाही. तेराव्यात हे आणि पंधराव्यात ते, दोन अध्यायांच्या अंतरावर. लग्नाच्या उपासनेत तेरावा वाचतात आणि दफनाच्या वेळी पंधरावा, त्यामुळे दोन्ही एका दमात कोणी वाचतच नाही बहुतेक.

मंडळीने हा फरक विसरून काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, मी लांबण लावत नाही. 1633 मधे गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून पृथ्वी फिरते हे नाकारायला लावलं, आणि तो खटला चुकला होता हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे मान्य करेपर्यंत 1992 उजाडलं. तिथे चूक “सत्य ऑब्जेक्टिव्ह असतं” ही नव्हतीच, ते तर गॅलिलिओही मानत होता, किंबहुना त्याच्याइतकं कोणीच मानत नव्हतं. चूक होती ती सत्याची किल्ली आपल्याच कमरेला आहे या गुर्मीत. लेखक जेव्हा म्हणतात की ऑब्जेक्टिव्ह सत्य मानलं की जुलूम आलाच, तेव्हा त्यांनी हे जरा बघावं. उलट “ज्याचं त्याचं सत्य” असतं तर गॅलिलिओने तरी कशाच्या जोरावर भांडायचं होतं, त्याचं त्याला, चर्चचं चर्चला, विषय संपला.

आणि याच परंपरेत दुसरंही सापडतं, जे कोणी फारसं सांगत नाही. तेराव्या शतकातला थॉमस अक्विनास, म्हणजे कॅथलिक विचाराचा अगदी मेढीचा खांब, तो काय म्हणतो बघा. ख्रिस्तावर विश्वास ठेवणं ही चांगली आणि तारणाला लागणारी गोष्ट आहे, पण समजा एखाद्याच्या विवेकबुद्धीला प्रामाणिकपणे ते वाईट वाटलं, तर त्या माणसाने तरीही विश्वास ठेवणं हे त्याच्यासाठी पाप होईल. पुन्हा वाचा हे वाक्य. ऑब्जेक्टिव्ह सत्यावर तसूभरही न हलणारा माणूस हे लिहितोय. आतून पटल्याशिवाय तोंडाने मानणं त्यालाही चालत नव्हतं. आणि 1965 मधे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात हेच सांगितलं की सत्य माणसावर स्वतःच्या सत्यपणाच्या बळावरच पकड घेतं, जबरदस्तीने नाही. उशीर झाला म्हणायचा, सातशे वर्षं, पण बीज आधीच होतं.

म्हणजे सब्जेक्टिव्ह बाजू ही ख्रिस्ती विश्वासात मागच्या दाराने आलेली नाहीये. इथे लोक लगेच किर्केगार्ड या डॅनिश तत्त्वज्ञाचं नाव घेतात, आपल्या लेखकांनीही घेतलंय, की बघा तो म्हणाला सत्य म्हणजे सब्जेक्टिव्हिटी, झालं, ज्याचं त्याचं. अहो, पण त्याने ते कोणाला म्हटलं? डेन्मार्कमधे तेव्हा मूल जन्मलं की बाप्तिस्मा, म्हणजे सगळे कागदोपत्री ख्रिस्ती, सिद्धांत सगळ्यांचे बरोबर, आणि जगणं मात्र असं की सिद्धांत उद्या बदलले तरी कोणाच्या दिनक्रमात फरक पडू नये. त्या लोकांना त्याने 1846 मधे टोपणनावाने एक गोष्ट सांगितली. वेड्यांच्या इस्पितळातून एक जण खिडकीतून पळतो. शहरात गेल्यावर लोक ओळखतील आणि परत आणून टाकतील ही त्याला भीती, म्हणून तो ठरवतो की आपण फक्त ऑब्जेक्टिव्ह सत्यच बोलायचं, मग कोण वेडा म्हणेल. वाटेत त्याला खेळातला एक लाकडी चेंडू सापडतो, तो उचलून कोटाच्या मागच्या शेपटात घालतो, आणि प्रत्येक पावलाला तो चेंडू ढुंगणावर आपटला की हा म्हणतो, “धाड! पृथ्वी गोल आहे.” मित्राच्या घरी जाऊन येरझाऱ्या घालत तेच, धाड, पृथ्वी गोल आहे, धाड, पृथ्वी गोल आहे. आता पृथ्वी गोल नाहीये का? आहेच की. वाक्यात काडीचीही चूक नाही आणि माणूस तरी वेडाच. किर्केगार्डचं म्हणणं पृथ्वी ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे गोल किंवा चपटी असं नव्हतं, त्याचं म्हणणं होतं की खरं वाक्य बाळगून माणूस खरा होत नाही. मला त्या गृहस्थांचं पत्र वाचताना हाच चेंडू ऐकू येत होता, राग मानू नये.

बायबलमधे हे आणखी टोकाला जाऊन सांगितलंय. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे, एकच देव आहे असा तुझा विश्वास आहे, छान, भुतांचाही तसाच विश्वास आहे आणि ती थरथर कापतात. म्हणजे फॅक्ट बरोबर असणं हीच परीक्षा असती तर सैतान पहिल्या नंबराने पास झाला असता.

आणि हे नुसतं तर्काचं नाही, एक अगदी सज्जन उदाहरण आहे. पिंखास लापिडे म्हणून एक ज्यू अभ्यासक होते, धर्माने कडवे ज्यू, आणि 1970 च्या दशकात त्यांनी चक्क लिहिलं की पुराव्यांचा विचार करता येशूचं पुनरुत्थान ही खरोखर घडलेली गोष्ट आहे असं मला वाटतं. आणि ते ज्यूच राहिले, मसीहा म्हणून येशूला त्यांनी मानलं नाही, देवाने केलेला एक मोठा चमत्कार, ज्यातून पुढे इतर राष्ट्रांपर्यंत इस्राएलच्या देवाचं नाव पोचलं, असं त्यांचं म्हणणं. आता सांगा. फॅक्ट मान्य, आणि ख्रिस्ती नाही. याच्या उलट बुल्टमान, त्याला कबरेचं काही देणंघेणं नाही आणि तो मात्र ख्रिस्ती. या दोघांना एकमेकांशेजारी उभं केलं की कळतं की “खरं आहे का” आणि “माझं कोण” हे दोन प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दिलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

अनुभवाचं काय, असं विचारतील. आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची पद्धत असते, लोक उठून सांगतात की मी असा होतो, प्रभूने मला असं बदललं, दारू सुटली, मन शांत झालं. मी या साक्षी हलक्या लेखत नाही, त्यातल्या कित्येक माणसांना मी ओळखतो आणि ती खरोखर बदललीत. पण शांती दुसऱ्या धर्मातल्या माणसालाही मिळते, कुठलाही धर्म नसलेल्यालाही मिळते, आणि आपली शांती म्हणजे देवाची आणि त्याची म्हणजे भ्रम, असं म्हणायला मग काहीतरी अनुभवाबाहेरचंच लागतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1901-02 मधे एडिंबरोला धार्मिक अनुभवांवर जी व्याख्यानं दिली त्यात त्याने हे फार सरळ सांगितलं की असा अनुभव ज्याला येतो त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो आणि चालायलाही हवा, पण बाहेरच्याने तो डोळे मिटून स्वीकारावा असं बंधन त्यातून निघत नाही. समजा कोणी येऊन सांगितलं की तुमचं सगळं कर्ज कोणीतरी भरून टाकलंय. त्या रात्री मला कित्येक वर्षांत लागली नाही अशी झोप लागेल. झोप खरी, शंभर टक्के खरी, पण कर्ज फिटलंय की नाही हे माझ्या घोरण्यावरून ठरत नाही, ते वहीत बघावं लागतं. आणि उलट, वहीत खरंच फिटलेलं असेल आणि मी विश्वासच ठेवला नाही तर कर्ज नसलेला माणूस रात्रभर तळमळत बसेल. ख्रिस्ती शिकवण पापाला कर्जच म्हणते म्हणून हे सुचलं.

पण अनुभव नकोच, नुसती वही पुरे, असंही नाही. पास्कलचं बघा. गणिती, हवेच्या दाबाचे प्रयोग डोंगरावर करवून घेणारा माणूस, मोजल्याशिवाय बोलायचं नाही हा त्याचा धंदाच. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री, साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत, त्याला काहीतरी झालं. त्याने कागदावर तारीख लिहिली, वेळ लिहिली, खाली एकच शब्द लिहिला, आग, आणि त्याखाली अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्ववेत्त्यांचा आणि पंडितांचा नव्हे. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. 1662 मधे तो गेला तेव्हा कोटाच्या अस्तरात शिवलेला तो कागद नोकराच्या हाताला लागला. मला यात आवडतं ते हे की आयुष्यातल्या सगळ्यात आतल्या गोष्टीची नोंदही त्याने प्रयोगाच्या वहीसारखी केली, तारीख आणि वेळ टाकून, आणि नंतर धर्माच्या बाजूने लिहायला बसला तेव्हा हा कागद पुरावा म्हणून पुढे केला नाही. तो त्याच्यासाठी होता. दुसऱ्यांसाठी त्याने युक्तिवादच केले.

आणि पंडिता रमाबाई. 1883 मधे त्यांनी इंग्लंडमधे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर तिथल्याच सिस्टरांशी पत्रांतून असा वाद घातला की ज्याचं नाव ते, त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धांत दुसऱ्या कोणी सांगितला म्हणून मी मानायचा का, माझी बुद्धी आणि विवेक मी कोणाच्या ताब्यात देणार नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांनी “खरं आहे का” हे सोडलं नाही. आणि पुढे त्यांनीच लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्यानंतर त्यांनी पहिला प्रश्न टाकून दिला असंही नाही, आयुष्याच्या शेवटी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल स्वतः मराठीत आणायला बसल्या, शब्द न् शब्द तपासत.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आम्ही ख्रिस्ती लोक वादात एक चलाखी करतो आणि ती बंद व्हायला पाहिजे. कोणी पुरावा मागितला की आम्ही म्हणतो, अरे हे डोक्याचं नाही, हृदयाचं आहे, अनुभव घेऊन बघ. बरं, मग तो म्हणाला की मला अनुभव वेगळाच आला, माझ्या देवाचा आला, तर लगेच आम्ही म्हणतो, अनुभवाचं सोड रे, फॅक्ट काय आहे ते बघ, शास्त्रात लिहिलंय. म्हणजे जिथे मार पडतो तिथून दुसऱ्या खोलीत पळायचं. गृहस्थांच्या पत्रात हे एकाच परिच्छेदात दोनदा झालंय. आणि लेखकही तेच करतात, फक्त जास्त सफाईने: धर्मात ऑब्जेक्टिव्ह सत्य नाही म्हणतात, आणि सगळे धर्म सारखेच खरे हे मात्र सगळ्यांनी मानलंच पाहिजे अशा थाटात सांगतात, जणू हे त्यांच्यापुरतं सत्य नसून वरून बघितलेलं आहे. कुठून बघितलं?

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते. त्याला संशयी म्हणून बदनाम करून ठेवलंय. योहानाच्या विसाव्या अध्यायात तो म्हणतो की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू येतो, आणि त्याला “पुरावा काय मागतोस” म्हणून झापत नाही, इकडे बोट कर, हात बघ, असं म्हणतो. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य हे वाक्य नंतर येतं, मागितलेलं आधी पुढे केल्यावर. थोमाने खरंच बोट लावलं की नाही हे मजकुरात लिहिलेलंच नाही. चित्रकारांनी लावायला लावलंय, योहानाने नाही. आणि थोमाच्या तोंडून जे निघतं ते “ठीक आहे, खातरी पटली” असं नाहीये, तो म्हणतो, माझा प्रभू आणि माझा देव. समोर जखमा आहेत, त्या त्याच्या भावनेने तयार झालेल्या नाहीत, आणि बोलताना दोनदा “माझा” म्हणतो. जखमा काढून टाकल्या तर उरतं ते लेखकांचं सत्य, आणि “माझा” काढून टाकला तर त्या गृहस्थांचं.

पत्र फार लांबलंय, जागेप्रमाणे काटछाट करा, गॅलिलिओ गेला तरी चालेल पण पौलाचा भाग ठेवा. आणि लेखकांना माझ्या वतीने एवढंच विचारा की त्या रविवारी सकाळी कबर रिकामी होती की नव्हती. “नव्हती” म्हणाले तर आम्ही बसून बोलू, “माहीत नाही” म्हणाले तरी बोलू, आमच्यातल्याही कित्येकांचं रात्री झोपताना तेच उत्तर असतं. “ज्याची त्याची कबर” एवढं मात्र म्हणू नका म्हणावं.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये ही विनंती)